शाळेतून सस्पेन्शनचा फोन आला तर: कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांसाठी

दुपारी दीडच्या सुमारास फोन येतो. आई किंवा बाबा मीटिंग सोडून शाळेत धावतात, बसल्या बसल्या माफी मागतात, समोर येईल त्या कागदावर सही करतात आणि मुलाला गाडीत घालून घरी आणतात. घरी मुलाची खरडपट्टी होते. दोन आठवड्यांनी स्कूल डिस्ट्रिक्टचं (म्हणजे त्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेचं) जाड पाकीट येतं, त्यात त्याच सहीच्या कागदाची प्रत पुरावा म्हणून लावलेली असते, आणि मग कोणीतरी कोणाचातरी नंबर शोधून मला विचारतं, 'आता काय करायचं?'

मी वकील नाही. पण गेल्या काही वर्षांत अशी बरीच पाकिटं वाचली आहेत. चूक जवळजवळ प्रत्येक घरात एकच असते. आपण 'मुलानं केलं की नाही' एवढ्यावरच बोलत राहतो. कोणत्या कलमाखाली, किती दिवस, कोणत्या क्रमाने, हे कोणी विचारतच नाही. कॅलिफोर्नियातल्या पब्लिक स्कूलला मनाला येईल तशी शिक्षा करता येत नाही. कारणं, दिवस आणि क्रम राज्याच्या एज्युकेशन कोडने ठरवून दिलेत आणि डिस्ट्रिक्टला त्या चौकटीतच चालावं लागतं. चौकट शाळेला माहीत असते. आपल्याला ती माहीत नसली तर ती पाळली गेली का, हे तपासणारं कोणी उरत नाही.

पुढचं सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. न्यू जर्सी, टेक्सस, वॉशिंग्टन यांचे कायदे वेगळे, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना हे जसंच्या तसं फॉरवर्ड करू नका.

## १. फोन यायच्या आधी: कोणाचा नियम कोणावर चालतो

नियमांची उतरंड अशी आहे. सगळ्यात वर अमेरिकेची घटना आणि केंद्राचे कायदे. १९७५ च्या गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलासुद्धा आरोप काय हे मुलाला सांगावं लागतं आणि त्याची बाजू ऐकावी लागते. त्याखाली राज्याचा एज्युकेशन कोड. आपल्या कामाची कलमं ४८९०० पासून पुढची. त्याखाली डिस्ट्रिक्टच्या बोर्डाचं धोरण, आणि तळाशी शाळेचं हँडबुक.

खालच्याला वरच्याच्या विरोधात जाता येत नाही. हँडबुकमध्ये 'इतक्या वेळा उशीर झाला तर सस्पेन्शन' असं छापलेलं असेल तरी केवळ उशीर किंवा गैरहजेरी यासाठी सस्पेंड करायला राज्याच्या कायद्यात मनाई आहे. कायदा बदलल्यावर काही शाळा हँडबुक बदलतात, काही नाही. तुम्ही कोडच वाचा. तो राज्य विधिमंडळाच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

डिस्ट्रिक्टचं धोरण त्यांच्या संकेतस्थळावर 'बोर्ड पॉलिसीज' या भागात मिळतं. बहुतेक डिस्ट्रिक्ट एकच क्रमांकपद्धत वापरतात: ५१४४ म्हणजे शिस्त, ५१४४.१ म्हणजे सस्पेन्शन आणि एक्सपल्शन (डिस्ट्रिक्टच्या शाळांतून काढून टाकणं), ५१४४.२ म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी. एकदा उतरवून ठेवा.

तपासा: तुमचं डिस्ट्रिक्ट नक्की कोणतं? गावाच्या नावावर जाऊ नका. क्युपर्टिनोतलं मूल आठवीपर्यंत एका डिस्ट्रिक्टमध्ये असतं आणि नववीत 'फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट'मध्ये जातं. नाव फ्रीमाँटचं असलं तरी फ्रीमाँट शहराशी त्याचा संबंध नाही. तिथल्या शाळा 'फ्रीमाँट युनिफाइड'च्या, आणि त्या काउंटीसुद्धा वेगळ्या. चुकीच्या डिस्ट्रिक्टचं धोरण घेऊन मीटिंगला गेलेले पालक मी पाहिलेत. मुलगा धाकटा असताना उतरवून ठेवलेलं, मोठा झाल्यावर तेच काढलं.

मूल चार्टर स्कूलमध्ये (सरकारी पैशावर, पण स्वतःच्या सनदेनुसार चालणाऱ्या शाळेत) असेल तर पुढची बरीचशी कलमं तशीच लागू होत नाहीत. शिस्तीची प्रक्रिया त्या शाळेच्या चार्टरमध्ये लिहिलेली असते, ती मागा. खासगी शाळेत प्रश्न कराराचा असतो.

## २. पहिला तास

फोनवर शांतपणे चार गोष्टी विचारा आणि लिहून घ्या: काय घडलं असं शाळेचं म्हणणं आहे, मुलाशी कोण बोललं, त्यानं काही लिहून दिलं का, आणि हे सस्पेन्शन आहे का.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'सस्पेन्शन नाही हो, आज फक्त घेऊन जा, उद्याही घरीच राहू दे' असं गोड बोलून सांगितलं की आपल्याला हायसं वाटतं. रेकॉर्डवर आलं नाही, सुटलो! पण शिस्तीच्या कारणावरून मुलाला वर्गाबाहेर काढून घरी पाठवणं याला कायद्यात सस्पेन्शनच म्हणतात. कागद झाला नाही म्हणजे कारण नाही, दिवसांची मोजणी नाही आणि बाजू मांडायची संधीही नाही. त्यामुळे त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका: 'आज इतक्या वाजता आपण मुलाला घरी न्यायला सांगितलंत. हे सस्पेन्शन आहे का? असल्यास कोणत्या कलमाखाली आणि किती दिवसांचं?' भांडणाचा सूर नको, नुसता प्रश्न.

प्रिन्सिपल किंवा व्हाइस-प्रिन्सिपल पालकांना न बोलावता मुलाशी बोलू शकतात. त्यावरून आवाज चढवण्यात अर्थ नाही. मात्र मुलाने लेखी निवेदन दिलंच पाहिजे अशी सक्ती शिस्तीच्या कलमांत कुठेही नाही. 'मला आधी आईबाबांशी बोलायचंय' एवढं नम्रपणे म्हणायला मुलांना आजच शिकवा. खोटं बोलायला शिकवू नका. खोटं पकडलं गेलं की मूळ गोष्टीपेक्षा ते जड जातं.

पोलीस आले असतील तर गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियात १७ वर्षांपर्यंतच्या मुलाची कोठडीतली चौकशी करण्याआधी त्याचं वकिलाशी बोलणं व्हावंच लागतं. मुलाने 'नको' म्हटलं तरी ते टाळता येत नाही. घरातलं कोणी व्हिसावर असेल आणि पोलीस केस होण्याची शक्यता दिसत असेल तर इमिग्रेशन वकिलालाही त्याच दिवशी फोन करा. शाळेचं सस्पेन्शन म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. पण एच-१बीच्या भीतीपोटी गप्प बसणारी आणि दिसेल त्यावर सही करणारी घरं बरीच आहेत.

सावधान: मुलाच्या फोनमधले मेसेज पुसू नका, पुसायला सांगू नका. सगळ्या संवादाचे स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असे. समोरच्याने आधी काय लिहिलं होतं हे बऱ्याचदा तिथेच सापडतं.

सावधान: माफीचं पत्र घाईत देऊ नका. आपल्याकडे 'चूक झाली, पदरात घ्या' म्हटलं की शिक्षक विरघळतात. इथे तोच कागद फाइलला लागतो आणि पुढे कबुलीजबाब म्हणून वाचला जातो. दुखावलेल्या मुलाची माफी मागायचीच असेल तर प्रक्रिया कुठे चालली आहे ते कळल्यावर मागा.

## ३. पत्र वाचा, पेन्सिल घेऊन

सस्पेन्शनची लेखी सूचना पालकांना द्यावीच लागते. ती हातात आली की आधी वर्णन वाचू नका, कलम शोधा. ४८९०० या आकड्यापुढे एक अक्षर असेल. सगळं त्या अक्षरावर ठरतं, म्हणून या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या.

४८९०० मधली यादी बंद आहे. त्यात किंवा तिच्या पुरवणी कलमांत बसत नाही अशा कारणासाठी सस्पेंड करता येत नाही. 'शाळेच्या मूल्यांना न शोभणारं वर्तन' हे कारण नव्हे. अक्षरच लिहिलेलं नसेल तर ईमेल करून मागा. आता काही अक्षरं, जिथे गल्लत होते ती.

(के): गोंधळ किंवा उद्धटपणा. पूर्वी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षर. आता पाचवीपर्यंत यावरून शाळेतून सस्पेंड करता येत नाही, आणि २०२३ च्या एसबी २७४ या कायद्याने सहावी ते बारावीलाही १ जुलै २०२९ पर्यंत तीच मनाई आहे. एकट्या (के) वरून एक्सपल्शनची शिफारस तर कोणत्याच इयत्तेत चालत नाही. शिक्षकाला मात्र आपल्या वर्गातून मुलाला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाहेर ठेवता येतं. वर्गाबाहेर आणि शाळेबाहेर यातला फरक पत्रात नीट पाहा. पत्रात (के) दिसलं आणि मूल घरी बसलेलं असेल तर तुमचा पहिला ईमेल तयार आहे.

(ए): मारामारी. यात दोन भाग आहेत. पहिला, दुसऱ्याला इजा केली, करायचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली. दुसरा, जाणूनबुजून बळ वापरलं, आणि इथे 'स्वसंरक्षण सोडून' असे शब्द कलमातच आहेत. मुलाने आधी मार खाल्ला असेल तर हे शब्द अधोरेखित करा.

(आर): बुलिंग. शाळेबाहेरून, घरच्या फोनवरून पाठवलेला मेसेजही यात येऊ शकतो. पण एका वाईट मेसेजला लगेच बुलिंग म्हणता येत नाही. कृत्य गंभीर किंवा सर्वव्यापी असावं लागतं, आणि त्याचा समोरच्या मुलावर काय परिणाम झाला, किंवा होईल असं रास्तपणे म्हणता येतं, हेही पाहावं लागतं. पत्रात परिणामाबद्दल एकही वाक्य नसेल तर ते विचारा.

४८९००.७: टेररिस्टिक थ्रेट. हे नाव वाचून घरात कोणाला जेवण जात नाही. मुलाने ग्रुप चॅटवर 'उद्या शाळा उडवून टाकतो' असं परीक्षेच्या वैतागातून लिहिलेलं असतं. 'गंमत होती' हा बचाव एकटा पुरत नाही. धमकी प्रत्यक्षात आणायचा हेतू नसला तरी चालतं असं कलम स्वतःच म्हणतं. पण ते आणखीही बरंच मागतं: जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका, अथवा एक हजार डॉलरांहून जास्त मालमत्तेचं नुकसान, आणि ऐकणाऱ्याला खरी, सततची भीती वाटेल इतकी स्पष्ट, तातडीची भाषा. बचावात या एकेका अटीवर बोला. मुलाच्या चांगुलपणाचं वर्णन इथे कामाला येत नाही.

कलम ठरलं की दोन प्रश्न उरतात.

पहिला, शाळेशी संबंध. कृत्य शाळेच्या उपक्रमाशी किंवा हजेरीशी जोडलेलं असावं लागतं: आवारात, येता-जाता, जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळेच्या कार्यक्रमात. शनिवारी कुणाच्या वाढदिवसाला झालेलं भांडण आपोआप यात येत नाही.

दुसरा, आधीचे उपाय. ४८९००.५ सांगतं की सस्पेन्शन हा शेवटचा उपाय. आधी पालकांशी बैठक, समुपदेशन, मुलांमध्ये समेट घडवणं असे मार्ग थकलेले असावेत. अपवाद दोनच: पहिल्याच वेळी (ए) ते (ई) मधलं कृत्य, म्हणजे मारामारी, शस्त्र, अमली पदार्थ, त्यांच्या नावाखाली दुसरंच काही विकणं, लुबाडणूक; आणि दुसरा, मुलाच्या उपस्थितीमुळे इतरांना धोका. निकोटिनचं व्हेपिंग, तोडफोड, शिवीगाळ ही अक्षरं ईच्या पुढची आहेत. तिथे 'आधी काय उपाय केले होते, ते कागदावर दाखवाल का?' हा प्रश्न विचारायलाच हवा. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी विचारला जाणाराही.

## ४. बैठक आणि दिवसांचा हिशेब

सस्पेंड करण्याआधी प्रिन्सिपलने मुलाशी बसून बोलणं बंधनकारक आहे: आरोप काय, पुरावा काय, आधी कोणते उपाय केले, आणि त्याचं म्हणणं काय. आणीबाणी असेल तर ही बैठक नंतर होते, पण दोन शालेय दिवसांच्या आत, आणि त्यासाठी मुलाला शाळेत यायचा हक्क असतो. मुलाला विचारा, 'तुला पुरावा सांगितला का? तुझं ऐकून घेतलं का? किती मिनिटं?' उत्तर त्याच रात्री लिहून ठेवा. महिन्याभराने मुलं विसरतात, आपणही विसरतो.

शाळेने पालकांना बैठकीला बोलावलं तर जाच. पण पालक आले नाहीत म्हणून मुलाला परत घेणार नाही, असं शाळेला करता येत नाही.

एका वेळी जास्तीत जास्त सलग पाच शालेय दिवस. शालेय वर्षात एकूण साधारण वीस. सुट्ट्या मोजू नका. शुक्रवारपासून पाच दिवस म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत, मध्ये सुट्टी आली तर शुक्रवारपर्यंत. पाच दिवस संपल्यावरही 'अजून पाठवू नका' असं सांगितलं तर एकच कारण असू शकतं: एक्सपल्शनची प्रक्रिया सुरू झाली आहे आणि सस्पेन्शन वाढवलं आहे. तेही सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) किंवा त्यांच्या माणसाने, तुम्हाला आणि मुलाला भेटीला बोलावून, धोका किंवा व्यत्यय होईल असं ठरवून, लेखी. यातलं काही झालं नसेल तर सहाव्या दिवशी सकाळी मुलाला शाळेत पाठवायचं की नाही हे लेखी विचारा.

दोन किंवा जास्त दिवसांचं सस्पेन्शन असेल तर गृहपाठ मागा. पालकांनी मागितला तर शिक्षकांना द्यावा लागतो. न मागता बहुधा येत नाही.

## ५. आयईपी किंवा ५०४ असेल तर इथे थांबा

मुलाचा आयईपी (विशेष शिक्षणाचा वैयक्तिक आराखडा) किंवा ५०४ प्लॅन (शारीरिक, मानसिक अडचण असलेल्या मुलाला शाळेत द्यायच्या सोयींचा आराखडा) असेल तर केंद्राचा कायदाही लागू होतो. वर्षात दहा दिवसांपलीकडे बाहेर ठेवून त्याची जागा बदलायचं ठरलं तर त्या निर्णयानंतर दहा शालेय दिवसांत 'मॅनिफेस्टेशन डिटर्मिनेशन' बैठक घ्यावी लागते: हे वागणं त्या अडचणीतून आलं का, किंवा प्लॅन नीट न राबवल्यामुळे घडलं का? उत्तर 'हो' आलं तर एक्सपल्शन थांबतं. शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर दुखापत असेल तर ४५ शालेय दिवसांपर्यंत दुसऱ्या ठिकाणी ठेवता येतं, एवढा अपवाद.

आपल्या घरांत अडचण निराळीच असते. शिक्षक दोनदा 'मुलाच्या विशेष गरजांची तपासणी करून घ्या' म्हणालेले असतात आणि आपण 'आमच्यात असं काही नाही' म्हणून टाळलेलं असतं. घटनेच्या आधी तपासणीची मागणी लेखी केलेली असेल तर प्लॅन नसतानाही हे संरक्षण मिळू शकतं. पण शाळेने तपासणी करू म्हटलं आणि तुम्ही नकार दिला, तर ते हातचं जातं. जुने ईमेल उघडून पाहा.

## ६. एक्सपल्शनची शिफारस: कोणत्या यादीतली?

कलम ४८९१५ मध्ये दोन याद्या आहेत.

एक सक्तीची: बंदूक, कुणावर चाकू उगारणं, अमली पदार्थ विकणं, लैंगिक अत्याचार, स्फोटकं. सिद्ध झालं तर बोर्डालाही पर्याय नसतो. अशा केसमध्ये हा लेख बंद करा आणि वकील गाठा.

दुसऱ्या यादीत गंभीर इजा, चाकू किंवा धोकादायक वस्तू जवळ असणं, अमली पदार्थ, लुबाडणूक, शाळेच्या माणसावर हल्ला. इथे प्रिन्सिपलने शिफारस करायची असते, पण परिस्थिती पाहून 'गरज नाही' असं ठरवायची मुभाही त्यांना आहे. ही मुभा पत्र निघण्याआधीच वापरली जाते. म्हणून पहिल्या पाच दिवसांत थोडक्यात, मुद्देसूद लिहून द्या.

चाकूबद्दल एक सांगायलाच हवं. कॅम्पिंगहून आल्यावर दप्तरात विसरलेला घडीचा चाकू, किंवा डब्याबरोबर आजीने दिलेली फळं कापायची सुरी. या कलमात चाकूची व्याख्या दिलेली आहे: भोसकण्यासाठी बनवलेलं हत्यार, साडेतीन इंचांहून लांब पात्याचं हत्यार, पातं उघडून लॉक होणारा घडीचा चाकू, उघड्या पात्याचा वस्तरा. सुरी त्यात बसते का ते मोजून पाहा आणि फोटो मागा. व्याख्येत बसली नाही तरी ४८९०० (बी) लागू शकतं; पण मग प्रकरण हलक्या पायरीवर येतं.

सावधान, इथे सगळ्यात जास्त घरं फसतात: हिअरिंगच्या (एक्सपल्शनवरच्या सुनावणीच्या) आधी एक करारनामा पुढे येतो. 'हे मान्य करा, हिअरिंग टळेल, एक्सपल्शन स्थगित राहील, मूल दुसऱ्या शाळेत जाईल, सगळं शांतपणे मिटेल.' कधी कधी तो खरंच चांगला सौदा असतो. पण सही केली की आरोप मान्य झाला, हिअरिंगचा हक्क गेला आणि बहुतेक वेळा अपीलही. 'स्थगित एक्सपल्शन' हेसुद्धा एक्सपल्शनच असतं. अटी मोडल्या तर नव्याने सुनावणी न होता ते लागू होऊ शकतं. करारनामा घरी न्या, दोन दिवस मागा, शिस्तीच्या केसेस करणाऱ्या वकिलाला तासाभराची फी देऊन दाखवा. आठवड्याची ग्रोसरी परवडते तिथे ही फीही परवडते.

## ७. हिअरिंगची तयारी

प्रिन्सिपलने 'कृत्य घडलं' असं ठरवल्यापासून तीस शालेय दिवसांत हिअरिंग व्हायला हवी. तुम्हाला नोटीस किमान दहा दिवस आधी, आणि ती कॅलेंडरच्या दिवसांनी. तयारी झाली नसेल तर एकदा पुढे ढकलून मागायचा हक्क आहे, जास्तीत जास्त तीस कॅलेंडर दिवस, लेखी मागणी करून. उशीर झाला तर मुलाचं नुकसान होईल म्हणून कोणी मागत नाही. अर्धवट तयारीने गेलं तर जास्त नुकसान होतं.

नोटीशीत तारीख आणि जागा, नेमकी तथ्यं आणि आरोप, डिस्ट्रिक्टचा संबंधित नियम, आणि तुमचे हक्क असायला हवेत. वकील किंवा वकील नसलेला सल्लागार बरोबर आणता येतो. म्हणजे कागद वाचू शकणारी, डोकं थंड असलेली मावशीही चालेल! जे जवळ नाही ते मागा, या क्रमाने:

पहिल्या दिवशी हिअरिंगमध्ये वापरणार असलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती, व्हिडिओसकट. कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवावं अशी वेगळी ओळ लिहा, कारण ते आपोआप पुसलं जातं. त्याच दिवशी मुलाची पूर्ण फाइल. ती पाच कामाच्या दिवसांत दाखवावी लागते.

मग साक्षीदार. ज्या मुलांनी पाहिलं त्यांच्या आईवडिलांशी तुम्ही बोला, मुलाला बोलायला लावू नका. साक्षीदारावर दबाव आणणं हा ४८९०० मधला स्वतंत्र आरोप आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज त्यासाठी पुरतो.

शेवटी एका पानावर दोन स्तंभ आखा. डावीकडे कलमाची एकेक अट, उजवीकडे ती सिद्ध करणारा शाळेचा पुरावा. उजवीकडे जिथे रिकामं राहील तिथे तुमची बाजू आहे. प्रमाणपत्रं, रोबोटिक्सची पदकं, मराठी शाळेतल्या बाईंचं पत्र हे सगळं जोडा, पण शेवटी. हिअरिंग घेणाऱ्या पॅनेलने ही असंख्य पाहिलेली असतात.

घरातल्या ज्या मोठ्या माणसाला बोलायचं आहे त्याचं इंग्रजी अडखळत असेल तर मराठी दुभाष्याची मागणी आधीच लेखी करा. मुलालाच दुभाषी करू नका.

## ८. हिअरिंगच्या दिवशी

हिअरिंग बंद दाराआड होते आणि तिचं रेकॉर्डिंग होतं. सुरुवातीलाच रेकॉर्डिंग चालू आहे ना हे विचारा. अपील त्यावरच उभं राहतं. बहुतेक ठिकाणी बोर्डाऐवजी तीन किंवा अधिक शिक्षक-प्रशासकांचं पॅनेल बसतं.

तीन जागांवर लक्ष ठेवा. एक, ऐकीव पुरावा. केवळ ऐकीव माहितीवर एक्सपल्शन करता येत नाही. व्हाइस-प्रिन्सिपल एकटेच येऊन 'मुलांनी मला असं सांगितलं' म्हणत असतील तर नम्रपणे नोंदवा: 'पाहणारं कोणी इथे नाही.' मात्र मुलाची स्वतःची कबुली ऐकीव म्हणून उडत नाही. दुसऱ्या पायरीतलं माफीचं पत्र आठवलं?

दोन, दुसरा निष्कर्ष. सक्तीची यादी सोडली तर कृत्य सिद्ध होणं पुरेसं नाही. इतर उपाय शक्य नाहीत किंवा वारंवार फसले, अथवा मुलाच्या उपस्थितीने सतत धोका राहील, यातलं एक बोर्डाने ठरवावं लागतं, पुराव्यासह. मुलाने चूक केल्याचं घरात सगळ्यांना मान्य आहे अशा केसेस इथेच लढता येतात. घटनेनंतर मूल समुपदेशकाकडे जात असेल, पुन्हा तक्रार नसेल, तर ते कागद या मुद्द्याखाली ठेवा.

तीन, आपला आवाज. शाळा भेदभाव करते असं वाटत असेल आणि पुरावा असेल तर ते वेगळ्या तक्रारीत मांडा. इथे अर्धा तास त्यात गेला तर अटींचं पान तसंच राहतं.

पॅनेलला तीन शालेय दिवसांत ठरवावं लागतं. 'एक्सपल्शन नको' म्हणाले तर प्रकरण संपतं, मूल लगेच परत. 'हो' म्हणाले तर अंतिम मतदान बोर्ड करतं.

## ९. अपील: तीस दिवस, तेही बोर्डाच्या मतदानापासून

अपील काउंटी बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे. सनीव्हेल-क्युपर्टिनो सांता क्लारा काउंटीत, फ्रीमाँट अलामेडात, सॅन रमोन काँट्रा कोस्टात. मुदत डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने मत दिल्यापासून तीस दिवस. पत्र घरी कधी आलं याला महत्त्व नाही. एक्सपल्शन स्थगित असलं तरी घड्याळ त्या मतदानापासूनच चालतं. 'स्थगित आहे ना, मग बघू' म्हणत थांबलेल्या घरात मुदत संपून गेलेली असते.

अपील दाखल करताना त्याच वेळी डिस्ट्रिक्टकडे हिअरिंगच्या लेखी प्रतिलेखाची मागणीही करा. त्याचा खर्च आधी तुमच्यावर असतो. परवडत नसेल तर तसं लिहून द्या.

काउंटी बोर्ड केस पुन्हा नव्याने ऐकत नाही. ते चारच गोष्टी पाहतं: अधिकारक्षेत्र होतं का, हिअरिंग न्याय्य झाली का, अधिकाराचा गैरवापर झाला का (प्रक्रिया मोडणं, पुराव्याशिवाय निष्कर्ष), आणि आधी मिळू न शकलेला महत्त्वाचा पुरावा आहे का. 'शिक्षा फार कडक आहे' एवढंच लिहिलेलं अपील बहुधा परत येतं.

नुसत्या सस्पेन्शनवर काउंटीकडे असं अपील नाही. डिस्ट्रिक्टच्या ५१४४.१ मध्ये अंतर्गत दाद मागायची सोय आहे का ते पाहा.

## १०. रेकॉर्ड

नोंद चुकीची, निराधार किंवा लिहिणाऱ्याच्या जाणकारीच्या क्षेत्राबाहेरची असेल तर कलम ४९०७० खाली सुपरिंटेंडंटला लेखी अर्ज करून दुरुस्ती किंवा वगळणी मागता येते. त्यांना तीस दिवसांत तुम्हाला भेटावं लागतं. सस्पेन्शनचे दिवस भोगून झाल्यावरही हा अर्ज करता येतो. अक्षर चुकीचं लागलेलं असेल, म्हणजे धक्काबुक्कीला 'थ्रेट' लिहिलं असेल, तर कराच.

कॉलेजबद्दल घाबरून लोक भलभलते करार करतात. कॉमन अ‍ॅपने (अनेक कॉलेजांच्या सामाईक प्रवेश अर्जाने) २०२१ पासून शाळेतल्या शिस्तीचा प्रश्न आपल्या सामाईक भागातून काढला आहे. काही कॉलेजं स्वतंत्रपणे विचारतात. तिथे खरं लिहा, थोडक्यात लिहा.

एक्सपल्शन झालंच तर डिस्ट्रिक्टला मुलाच्या शिक्षणाची दुसरी सोय पाहावी लागते, सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो आणि परत घ्यायचा विचार कधी करणार ती तारीख लिहावी लागते: सर्वसाधारणपणे पुढच्या सेमिस्टरच्या शेवटच्या दिवसापर्यंत, सक्तीच्या यादीत एक वर्ष. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रवेश घेताना ही गोष्ट लपवू नका, सांगणं पालकांवर बंधनकारक आहे. आणि परत यायची तारीख कॅलेंडरवर टाकून महिनाभर आधी अर्ज करा. त्या तारखेला शाळा आपणहून फोन करेल या आशेवर बसू नका.